उंचवट्यापलीकडचं उजवं

रोजच्या वळणावर इर्मेली रोजच्यासारखी कलली, आणि ट्राम तिकडे वळलीच नाही. डोळे मिटलेले, मांडीवर पिशवी, पाठ ट्रामच्या तोंडाकडे. पूल संपला की अंग जरा सैल सोडायचं आणि डाव्या खांद्यावर भार घ्यायचा, हे तिच्या अंगाला आता कुणी सांगावं लागत नसे. तो भार तिनं घेतला, आणि ट्राम बरोबर उलट बाजूला गेली. एकावन्न वर्षांची, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारी, आयुष्यात कुणाच्या अंगावर न पडलेली ही बाई शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीत जाऊन पडली. म्हाताऱ्याजवळ पेयांच्या रिकाम्या डब्यांनी भरलेली मोठी पिशवी होती. दुकानात परत देऊन त्यांचे चार पैसे करणाऱ्यांपैकी तो होता. पिशवीतली एक डबी उडाली, जमिनीवर पडली आणि खडखडत थेट पलीकडच्या कठड्यापर्यंत गेली. ट्राममधल्या सगळ्या माणसांनी ती पाहिली आणि फिनलंडातल्या या ताम्पेरे शहराच्या रीतीप्रमाणे कुणीच पाहिलं नाही. "रस्ता खोदलाय," म्हातारा म्हणाला. "आठवडाभर इकडूनच वळते. रोज ओरडून सांगतात की." "मी ऐकलं नाही." "ऐकाल कशा? झोपला होतात." "झोपले नव्हते हो," इर्मेली उठून केस सारखे करत म्हणाली, "मला वाटलं, मला ठाऊक आहे." म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि डबी आणायला गेला.

उतरून दुकानाकडे चालताना तिला पडल्याची लाज वाटत नव्हती. लाजेपेक्षा वेगळंच काहीतरी पोटरीपासून वर चढत होतं. तो आवाज. काहीतरी गोल, पोकळ, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गडगडत जाऊन थडकतं, तो. तो तिनं याच आठवड्यात ऐकला होता, एकदा नव्हे, दोनदा, एकाच जागी. जागा कुठली ते मात्र आठवेना. जुलैतलं सकाळचं ऊन रस्त्यावर स्वच्छ सांडलं होतं, पाण्यावरून गार वारा येत होता, उद्या शनिवार होता, आणि उद्या मोटारगाड्यांची रॅली होती. गाडी चालवणाऱ्या मैत्रिणीच्या, केर्तूच्या शेजारी बसून, हेल्मेटच्या आतून, तिला पुढचं प्रत्येक वळण वाचून दाखवायचं होतं, ते दिसायच्या आधी. आणि या खेपेला वाचायचं ते पहिल्यांदाच त्या दोघींचं स्वतःचं होतं.

आजवर त्या दुसऱ्याच्या टिपणांवर धावत आल्या होत्या. आयोजक आधीच तयार कागद हातात द्यायचे. कुठल्याशा पंचविशीतल्या पोरानं रस्ता पाहून लिहिलेले, प्रत्येक वळणाला एक आकडा. एक म्हणजे गाडी जवळजवळ उभी करून फिरवायची, सहा म्हणजे वळण आहे हे फक्त कागदाला माहीत. त्या पोराचं पाच म्हणजे केर्तूचं तीन. इर्मेली पाच वाचायची, केर्तू मनात दोन वजा करायची, आणि वजाबाकी होईस्तोवर वळण दारात उभं राहायचं. "दुसऱ्याचा चष्मा लावून सुईत दोरा ओवतेय मी," केर्तू म्हणायची. केर्तू शहराची बस चालवते, त्रेपन्न वर्षांची आहे, अंगानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. दिवसभर गाडी इतकी सांभाळून चालवावी लागते की शनिवार-रविवारी खडीच्या रस्त्यावर ती उधळली नाही तर तिला सोमवार सोसत नाही. यंदा आयोजकांनी कळवलं की तयार कागद बंद. ज्यानं त्यानं आपला रस्ता आपण पाहावा, आपण लिहावा. बरेच जण कुरकुरले. या दोघी मात्र खूश झाल्या, आणि वसंतभर दर मंगळवारी गावाबाहेरच्या अग्निशमन केंद्राच्या खोलीत आहतीच्या शिकवणीला जाऊन बसल्या.

आहती हा मोठमोठ्या रॅलींत आयुष्यभर वाचत आलेला माणूस. सॉसेज भाजता भाजता शिकवायचा. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्या चालवणाऱ्यांना घरापासून वाण्याच्या दुकानापर्यंतचा रस्ता तोंडी सांगायला लावला. केर्तूनं सुरुवात केली ती कोपऱ्यावरच्या घरातला नवरा कसा निघून गेला इथून. "केर्तू, वळण सांग, बातम्या नकोत," आहती म्हणाला. हळूहळू केर्तूला तिचे शब्द सापडत गेले. चढ अचानक संपतो, पलीकडचं दिसत नाही आणि पोट वर उचलल्यासारखं होतं, त्या उंचवट्याला ती नुसतं 'गोळा' म्हणू लागली. पुढे जाऊन आणखी घट्ट होणाऱ्या वळणाला 'आवळतं'. इर्मेली लिहायची. वाचणाऱ्यांसाठी आहतीचा नियम एकच होता, आणि तो सांगताना तो सॉसेजचा चिमटा खाली ठेवायचा. "चालवणारी बोलेल तेच लिहायचं. तिच्या तोंडचा शब्द बदललात की गाडीत दोन रस्ते होतात. खाली एकच असतो."

इर्मेलीला हा नियम शिकावा लागला नव्हता. लहानपणी वडिलांच्या निळ्या गाडीत नकाशा तिच्या मांडीवर असे. आई मागे भावांना घेऊन झोपायची आणि इर्मेली पुढे बसून फाटे वाचायची. एकदा उत्तरेकडे जाताना तिनं वाटेवरची पाटी वाचून सांगितलं, की पुढची फेरी-बोट बंद आहे. वडील म्हणाले, नकाशात काय लिहिलंय? नकाशात बोट होती. मग नकाशात आहे ते वाच, तुला काय दिसतं ते कोण विचारतंय? तासाभरानं रस्ता पाण्यात जाऊन संपला. धक्का रिकामा होता. वडिलांनी इंजिन बंद केलं, थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "असू दे, इथंही तळं आहेच." दिवसभर त्यांनी मासे पकडले, दिवस छान गेला, तेच तर वाईट झालं. चूक कुणाची, हा प्रश्नच उरला नाही, आणि इर्मेलीला मात्र ती सवय लागून गेली. लग्नातही तिनं समोरच्याचं नीट वाचून दाखवलं. नवऱ्याला काय म्हणायचंय ते ती त्याच्याहून सुरेख म्हणायची. तो गेला तेव्हा, आपण का जातोय, हेही त्याला तिनंच नीट मांडून दिलं होतं. आवाज मात्र तिचा चांगला. स्वच्छ, न घाबरणारा. गाडी झाडांमधून उडत असतानाही तो दुधाच्या धारेसारखा सरळ पडायचा. "तुझा आवाज ऐकला की मला वाटतं, पुढे रस्ता असणारच," केर्तू म्हणायची, आणि ती तिच्या तोंडची सगळ्यात मोठी स्तुती होती.

दुपारी दुकानात एक शेतकरी आला. वय झालेलं, मान लाल, टोपी हातात. गाडीचा परवाना पुन्हा मिळवायचा होता, त्यासाठी डोळ्यांचा कागद हवा होता. खुर्चीत बसला आणि इर्मेलीनं दिवा लावायच्या आत त्यानं तक्त्यावरची शेवटची, सगळ्यात बारीक ओळ खाडखाड म्हणून दाखवली. "शाबास," इर्मेली म्हणाली. मग तिनं बटण दाबून तक्ता बदलला. शेतकऱ्यानं तीच अक्षरं पुन्हा म्हटली, तितक्याच खाडखाड. "आता वेगळी आहेत हो," ती हळूच म्हणाली. तो ओशाळला, पण खोटेपणा पकडला गेल्यासारखा नाही. त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. "पण मला दिसतायत की ती," तो म्हणाला. "शप्पथ. मला तीच दिसतायत." इर्मेलीचा हात बटणावर तसाच राहिला. अंधाऱ्या खोलीत तिला तो गडगडाट पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी जागेसकट. तिचा थर्मास. गाडीत पायाशी ठेवलेला कॉफीचा थर्मास.

बुधवारी संध्याकाळी, आणि गुरुवारी पुन्हा. पाहणीच्या दोनच फेऱ्या मिळतात, त्याही हळू. तिसऱ्यांदा त्या रस्त्यावर कुणी तुम्हाला पाहिलं तर रॅलीतून नाव गेलं. सातवा टप्पा केर्तूच्या माहेरच्या गावातून जात होता. वडील गेल्यावर शेत विकलेलं, त्याला बरीच वर्षं झाली, केर्तू पुन्हा तिकडे गेली नव्हती. बुधवारी त्या रस्त्याला लागल्यावर केर्तूचा आवाजच बदलला. तोवर प्रत्येक वळणाला ती डोळे बारीक करून, ओठ चावून, आकडा उच्चारण्याआधी क्षणभर थांबायची. इथं ती गाणं म्हटल्यासारखी सांगत सुटली. "डावं चार. सरळ. इथं आमची दुधाच्या कॅनांची फळी होती गं, हिवाळ्यात त्यावर बसून मी शाळेच्या गाडीची वाट बघायची. सरळच. गोळा, कोठार दिसलं की उजवं पाच, पाय उचलायचा नाही. ते बघ घर! पिवळं केलंय मेल्यांनी." इर्मेलीनं कोठार शोधायला मान वर केली होती. खूण म्हणून कागदावर लिहायला बरी पडली असती. उजवीकडे मुलांच्या उड्या मारायची गोल जाळी होती, एक पोरगी तीवर वरखाली होत होती, आणि तिच्यामागे ताज्या खडीचा निळसर पट्टा. कोठार नव्हतं. केर्तू डावीकडे घराकडे पाहत होती. हात आपोआप फिरले, आणि थर्मास पायाशी सुटून गडगडत दोन सीटांमधल्या उंच भागावर जाऊन आदळला. इर्मेलीनं लिहिलं, गोळा, उजवं पाच, पाय उचलायचा नाही. गुरुवारी तिनं तेच वाचलं, केर्तूनं मान हलवली, आणि थर्मास पुन्हा गेला. पाचच्या वळणावर, त्या गतीला, थर्मास हलत नाही. दोन्ही दिवसांत तो बाकी कुठल्याच पाचाला हलला नव्हता.

तिनं शेतकऱ्याला खरोखर दिसणारी ओळ शोधून दिली. ती बरीच वरची होती, पण चष्मा लावल्यावर परवान्यापुरती भागली. तो गेल्यावर ती थोडा वेळ त्याच खुर्चीत बसली. मनात कुणीतरी म्हणत होतं की गाडीत दोन रस्ते करू नकोस. दुसरं कुणी म्हणत होतं, तुला काय दिसतं ते कोण विचारतंय. ते दोन्ही आवाज चांगल्या माणसांचे होते. गंमत अशी की तिला भीती वाटत नव्हती. तिला तो उंचवटा दिसत होता: चढ संपतो, विजेचे खांब सरळ पुढे निघून जातात, आणि खांब सरळ गेले म्हणून रस्ताही सरळ गेला असेल असं वाटायला लावणारं ते रिकामं आभाळ. उद्या केर्तू तिथं पाय न उचलता जाईल. का? तर इर्मेलीचा आवाज म्हणेल म्हणून. त्या आवाजामागे कुणी असायलाच हवं होतं.

संध्याकाळी केर्तू तिच्या अंगणात गाडीखाली होती. बाहेर फक्त बूट दिसत होते. इर्मेली बुटांशी बोलली. "सातव्या टप्प्यातलं पाच चुकलंय. गोळ्यानंतरचं." बूट थांबले. "कुठलं?" "तुमच्या घरापाशी." गाडीखालून हसण्याचा आवाज आला. "ए इर्मे, तो रस्ता मला डोळे मिटून पाठ आहे." "तेच सांगतेय. तू डोळे मिटूनच सांगितलास." मग केर्तू बाहेर सरकली. कपाळावर ग्रीसचा पट्टा, डोळ्यांत राग आलाय की नाही हे ठरवायला जरा वेळ. "तू? तू मला माझ्या बापाच्या शेतातलं वळण शिकवणार? बारा वर्षांची असताना त्या गोळ्यावरून मी मोपेड उडवलीय!" "थर्मास गडगडला. दोन्ही दिवस." "काय?" "पाचाला थर्मास गडगडत नाही, केर्तू." "अगं, मी आता थर्मासाचं ऐकून पाय उचलू? तुझा थर्मास आहे की आहती आहे?" "थर्मास त्या गावात वाढलेला नाही," इर्मेली म्हणाली. "त्याला काही आठवत नाही." केर्तूनं हातातला पाना गवतात टाकला. "हे बघ, दिवसभर बस चालवून आलेय. तू वाच, मी चालवते. इतकी वर्षं बरं चाललंय ना?" इर्मेलीला आपला आवाज ऐकू आला, झाडांमधून उडताना असतो तसाच, स्वच्छ. "मी ते पाच वाचणार नाही." शेजारच्या घरातून सौनाची, वाफेच्या न्हाणीची, भट्टी तापल्याचा धुराचा वास येत होता. "वाचणार नाहीस म्हणजे?" "म्हणजे दुसरी वाचणारी बघ. एवढ्याशा वेळात मिळायची नाही म्हणा. पण मी पाच वाचणार नाही."

केर्तू गाडीच्या चाकाला टेकून बसली. आता ती ओरडेल असं इर्मेलीला वाटलं, आणि ओरडली तरी चालेल असंही वाटलं. या वाटण्याचं तिला नवल वाटलं. "कोठार कुठल्या हाताला आहे?" इर्मेलीनं विचारलं. "उजव्या. कायमचं. बापानं बांधलेलं." "बुधवारी पाहिलंस?" "पाहिलं म्हणजे काय! कोठार दिसलं की..." केर्तू थांबली. तिचे डोळे कुठंतरी त्या रस्त्यावर जाऊन आले. जाताना भराभर गेले, येताना रिकामे आले. "कोठार नाहीये, केर्तू. तिथं मुलांची उड्या मारायची जाळी आहे. खालची मोरी खचली असणार, रस्ता सरकवून नवी खडी टाकलीय. वळण गोळ्याच्या लगेच मागे आलंय." केर्तूच्या तोंडून एक लहानसा, तिच्या अंगाला न शोभणारा आवाज निघाला. "पाडलं?" "हो." "मला कुणी सांगितलं नाही." "कोण सांगणार गं? तुम्ही विकलंत ना." "विकलं म्हणून काय झालं," केर्तू म्हणाली, आणि ग्रीसच्या हातानं नाक पुसलं, त्यामुळे तिथंही पट्टा उठला. इर्मेली तिच्या शेजारी गवतात बसली. "खोडरबर आण," केर्तू म्हणाली. "आणलाय." "किती लिहितेस?" "तू सांग. चालवणारी सांगते." "चालवणारी घराचा रंग बघत होती. पाहिलंस तू. किती, ते तू सांग." पेन्सिल इर्मेलीच्या हातात होती, कागद गुडघ्यावर होता, आणि आजवर कधीच नव्हता असा तो आकडा तिच्या एकटीचा होता. तिनं जाळीवरची पोरगी आठवली, निळसर खडी आठवली, थर्मासाचा वेग आठवला. "तीन," ती म्हणाली. "आणि वळण आतल्या कडेनं कापायचं नाही, मोरीचा कठडा असेल." "तीन!" केर्तू कळवळली. "माझ्या गोळ्यावर तीन! गावातली माणसं बघायला बसतात तिथं, खुर्च्या टाकून." "बसू देत." "हसतील." "हसू देत की. त्यांनाही कोठाराचं तुला कळवता आलं असतं." या वाक्यावर केर्तू खरंच हसली.

शनिवारी सातव्या टप्प्याला सुरुवात झाली तेव्हा ऊन ऐन वर होतं आणि आधी गेलेल्या गाड्यांची धूळ झाडांमध्ये लोंबत होती. वाचणारी बाई रस्ता पाहत नाही. तिची मान खाली, तिचा रस्ता कागदावर असतो आणि अंगात असतो. डावं चार कमरेत आलं. सरळ भागात मागची खडी गाडीच्या पोटावर गारांसारखी वाजली. दुधाच्या फळीची जागा कुठंतरी उजवीकडून निघून गेली, आणि इंजिनाचा आवाज चढत चढत त्या सुराला पोचला जिथं केर्तूला हात लावू नये. इर्मेलीनं वाचलं. "गोळा, उजवं तीन, कापू नको." कानात केर्तूचा श्वास ऐकू आला. श्वास थांबला. त्या थांबलेल्या श्वासात बारा वर्षांची एक पोरगी मोपेडवरून उडत होती, तिचा बाप कोठारापाशी उभा राहून शिव्या देत होता, आणि पाय उचलू नकोस म्हणत होता. इर्मेलीनं पुन्हा वाचलं, तितक्याच स्वच्छ आवाजात, जरासुद्धा न चढवता. "तीन." पाय उचलला गेला. ते आधी आवाजात कळलं, मग पोटात, मग पट्ट्याच्या दाबात. गाडी गोळ्यावर हलकी झाली, खाली टेकली, नाक दाबलं गेलं आणि ती उजवीकडे वळली, आणि वळतच राहिली. इर्मेलीचं अंग डावीकडे ओढलं गेलं, हेल्मेट सीटच्या कडेवर आपटलं, आणि ती त्याच दमात पुढचं वाचत होती, "डावं पाच, मग लांब सरळ, शेवटी आवळतं."

टप्पा संपल्यावर थांब्यापाशी केर्तूनं गाडी उभी केली, हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटले होते. "ओट्सच्या शेतात कुणीतरी उभं होतं," ती म्हणाली. "खांबांच्या रेषेत, पार आत. गाडीसकट. सगळं ठीक आहे म्हणून पाटी दाखवत होते." "कोण?" "रेइनो. आमच्या पलीकडच्या घरातला." केर्तूनं मान मागे टेकली. "माझ्यासारखाच. तिथंच वाढलेला, आणि केव्हाच शहरात गेलेला." दोघी हसल्या नाहीत, हसू तोंडाशी येऊन बसलं होतं, पण रेइनो ठीक आहे हे आधी नीट अंगात उतरू द्यायचं होतं. मागून दुसरी गाडी येण्याआधी त्यांना पुढे सरकायचं होतं. केर्तूनं किल्लीला हात लावला आणि तसाच ठेवला.

"इर्मे."

"हं."

"चार होतं ते. तीन नाही. तिथं चारनं जाता आलं असतं."

इर्मेलीनं तिच्याकडे पाहिलं. "बघितलंस?"

"बघितलं," केर्तू म्हणाली. "पहिल्यांदाच."

"मग चार," इर्मेली म्हणाली, आणि पेन्सिल काढली. संध्याकाळी तो टप्पा आणखी एकदा धावायचा होता.